नवतप्यात पोटाची इंजेक्शनं घरीच घ्यायची असतील तर

माझी आयव्हीएफची (टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराची) इंजेक्शनं सुरू झाली तेव्हा नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, चार दिवसांवर होता. दवाखाना नागपुरात धंतोलीत, घर हुडकेश्वरला. एका सुईसाठी रोज तेवढं कोण जाणार, म्हणून सिस्टरकडून शिकून घेतलं. डोस मात्र डॉक्टरच ठरवतात, एएमएच (अंड्यांच्या साठ्याची रक्ततपासणी) आणि सोनोग्राफी बघून. त्यात आपलं डोकं चालवायचं नाही.

आधी फ्रिज. एफएसएचचं (अंडी वाढवणाऱ्या हार्मोनचं) पेन 2 ते 8 अंशांत ठेवायचं. वापरायला काढलेलं पेन काही दिवस बाहेर चालतं असं पत्रकात लिहिलं होतं, पण 25 अंशांच्या आत. मे महिन्यात आपल्याकडे कुलरसमोर तरी तेवढं कुठं मिळतं! फ्रिजच्या दारात नको, पन्ह्यासाठी ते दिवसातून वीसदा उघडतं. मागच्या भिंतीला टेकवूनही नको. माझं पहिलं पेन तिथंच गोठलं, आणि गोठलेलं औषध वितळलं तरी वापरत नाहीत. गेले पैसे. मग मधल्या फळीवर प्लास्टिकच्या डब्यात ठेवलं, वर चिठ्ठी लावली: 'मेंदीचे कोन'. आमच्या मोठ्या जाऊबाई फ्रिज उघडून चौकशी करणाऱ्यांतल्या. मेडिकलमधून आणताना डब्यात बर्फ घ्या, पण औषध रुमालात गुंडाळून. बर्फाला थेट लागू देऊ नका.

सुईची वेळ रोज एकच ठेवा. मी रात्रीचे आठ धरले, तोवर स्वयंपाक आटोपतो. पेन थोडं आधी बाहेर काढायचं, गार औषध जास्त झोंबतं. स्पिरिट लावलं की सुकू द्या. बेंबीपासून तीन बोटं सोडून कातडी चिमटीत धरायची, सुई सरळ आत. बटण पूर्ण दाबून मनात दहापर्यंत मोजा, मगच काढा. चोळायचं नाही. आज डावी बाजू, उद्या उजवी. पावडरची बाटली असेल तर तिच्यासोबत आलेलं पाणी घालून हळूच गोल फिरवा. खळखळ हलवली की फेस येतो.

पाच-सहा दिवसांनी सोनोग्राफीच्या फेऱ्या सुरू होतात. खालून करतात, लघवी करून जा. त्याच सुमारास अंडी वेळेआधी फुटू नयेत म्हणून आणखी एक इंजेक्शन जोडतात. ते टोचलं तिथं लाल होऊन खाजतं, थोड्या वेळानं जातं.

दोन-तीन फॉलिकल (अंड्यांच्या पिशव्या) 17-18 मिलिमीटरचे झाले की ट्रिगर, म्हणजे अंडी पिकवणारं शेवटचं इंजेक्शन. इथं घड्याळ चुकवून चालत नाही. अंडी काढतात ती ट्रिगरनंतर साधारण 34 ते 36 तासांनी. माझं पिकअप, म्हणजे अंडी काढणं, मंगळवारी सकाळी 8 ला, म्हणून ट्रिगर रविवारी रात्री 9 ला. त्या रात्री चुलत दिराचं रिसेप्शन होतं, आम्ही गेलोच नाही. यांच्या आणि माझ्या दोन्ही फोनवर गजर लावले होते. तुमची वेळ हुकलीच तर लपवू नका, लगेच दवाखान्यात सांगा. ते पिकअपचं बघतात.

पिकअपनंतर पोट जरा फुगतं. पण एका दिवसात किलोभर वजन वाढलं, उलट्या, दम लागणं, लघवी कमी होणं, यातलं काही दिसलं तर वाट बघत थांबायचं नाही, लगेच दवाखान्यात फोन करायचा. पीसीओ (अंडाशयात खूप बारीक फॉलिकल असणं) असेल तर जास्तच जपा. माझी लघवी कमी झाली तेव्हा मी म्हटलं, ऊन आहे, घामानं होत असेल. यांनी जबरदस्तीनं फोन लावायला लावला आणि दोन दिवस ॲडमिट व्हावं लागलं. म्हणून वजनकाटा आधीच आणून ठेवा. सकाळी चहाच्या आधी वजन करायचं आणि आकडा कालनिर्णयच्या चौकोनात लिहायचा.