सीमाभागाचा सामाजिक अभ्यास : आकडेवारी कोठे आणि कशी शोधावी

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतून समाजशास्त्रात एम. ए. किंवा पीएच. डी. करणारी मुले-मुली विषय घेऊन भेटायला येतात, तेव्हा विषय बहुधा चांगला असतो आणि जिव्हाळ्याचाही असतो. मात्र पहिल्याच भेटीत प्रश्न येतो, "सर, याचा डाटा कुठं मिळेल?" सीमाभागापुरते या प्रश्नाचे उत्तर असे आहे, की डाटा पुष्कळ आहे, परंतु तो दोन राज्यांच्या दप्तरांत, दोन लिप्यांत आणि वेळोवेळी बदललेल्या हद्दींत विखुरलेला आहे. म्हणून येथे काम करणाऱ्या अभ्यासकाने आकडा उतरवून घेण्याआधी तो कोणी मोजला, कधी मोजला आणि कोणत्या हद्दीत मोजला हे पाहण्याची शिस्त प्रथम लावून घ्यावी.

सुरुवात प्रश्नाच्या मांडणीपासून करावी. "सीमाभागातील मराठी शिक्षणाची स्थिती" हा विषय व्याख्यानाला चालतो. मोजणीला चालत नाही. त्याऐवजी "खानापूर तालुक्यातील मराठी माध्यमाच्या सरकारी प्राथमिक शाळांचा पट गेल्या दहा वर्षांत किती बदलला" असे लिहिले, की काय मोजायचे, कोणत्या क्षेत्रात मोजायचे आणि कोणत्या काळात मोजायचे हे तिन्ही एकदम स्पष्ट होते. हेच उदाहरण घेऊन पुढे जाऊ.

हद्द आणि नावे

बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्यामुळे १९५१ च्या जनगणनेचे बेळगावचे आकडे मुंबई राज्याच्या खंडांत मिळतात आणि १९६१ चे म्हैसूर राज्याच्या खंडांत. चंदगड तालुका १९५६ मध्ये बेळगावातून काढून कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. म्हणून १९५१ आणि १९६१ या दोन वर्षांच्या जिल्ह्याच्या बेरजा शेजारी ठेवून वाढीचा दर काढला, तर तो चुकतोच. आधी १९५१ मधून चंदगड वजा करावे लागते.

अलीकडचे बदल अधिक फसवे आहेत. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यात दहा तालुके होते : अथणी, बैलहोंगल, बेळगाव, चिकोडी, गोकाक, हुक्केरी, खानापूर, परसगड, रामदुर्ग आणि रायबाग. निपाणी, कागवाड, मुडलगी, कित्तूर आणि यरगट्टी हे तालुके नंतरचे आहेत. निपाणी तालुक्याचा २०११ चा आकडा हवा असेल, तर त्या नावाची ओळ शोधण्यात वेळ घालवू नये. चिकोडी तालुक्यातील जी गावे पुढे निपाणीत गेली, त्यांची यादी करून गावनिहाय आकड्यांची बेरीज स्वतः करावी.

नावांचेही तसेच आहे. सौंदत्ती हे गावाचे नाव आहे आणि तालुका जनगणनेत परसगड म्हणून येतो. बैलहोंगल तालुक्याचे जुने नाव संपगाव आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे आणि जिल्ह्याचे अधिकृत नाव बेळगावी झाले असले, तरी त्याआधीच्या सर्व तक्त्यांत बेळगाम असेच शोधावे लागते. खानापूर नावाचा तालुका सांगली जिल्ह्यातही आहे, आणि संगणकावर नुसते नाव टाकून शोधणाऱ्याच्या तक्त्यात विट्याच्या परिसरातील गावे शिरलेली मी पाहिली आहेत. यावर उपाय म्हणजे नावाऐवजी सांकेतिक क्रमांक वापरावा. २०११ च्या जनगणनेत कर्नाटकाचा क्रमांक २९, महाराष्ट्राचा २७ आणि बेळगाव जिल्ह्याचा ५५५ आहे; प्रत्येक गावालाही सहा अंकी क्रमांक आहे. पंचायतींच्या कामकाजात वापरली जाणारी स्थानिक स्वराज्य संस्थांची क्रमांकसूची मात्र वेगळी असते, त्यामुळे दोन्हींची सरमिसळ होऊ देऊ नये.

जनगणना : पहिले आणि सर्वांत मोठे दालन

जनगणना आयुक्तांच्या संकेतस्थळावर २०११ चे तक्ते विनामूल्य उतरवून घेता येतात. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने प्रथम दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली म्हणजे प्राथमिक जनगणना गोषवारा. त्यात गावपातळीपर्यंत लोकसंख्या, शून्य ते सहा वयाची मुले, अनुसूचित जाती-जमाती, साक्षर, मुख्य कामगार आणि सीमांत कामगार यांची संख्या असते. येथे साक्षरतेचा दर सात वर्षे व त्यावरील लोकसंख्येवर काढतात आणि वर्षातून सहा महिन्यांपेक्षा कमी काम केलेला माणूस सीमांत कामगार ठरतो. या व्याख्या न वाचता टक्केवारी काढू नये. दुसरी गोष्ट म्हणजे जिल्हा जनगणना पुस्तिका. तिच्या ग्रामसूचीत शाळा, दवाखाना, रस्ता, पाणी या सोयींची गाववार नोंद मिळते.

भाषेसाठी सी-१६ हा मातृभाषेचा तक्ता पाहावा. सीमाभागाच्या अभ्यासात हा तक्ता सर्वाधिक उद्धृत होतो आणि सर्वाधिक चुकीचा वाचलाही जातो, म्हणून तो जवळून पाहू. कर्नाटकाची फाइल उघडून ५५५ क्रमांकाचा जिल्हा गाठला, की प्रत्येक भाषेसाठी आधी एक एकूण ओळ आणि तिच्याखाली त्या भाषेत समाविष्ट केलेल्या मातृभाषांच्या ओळी दिसतात. मराठीच्या एकूण ओळीखाली मराठी, आरे, कोळी आणि इतर अशा ओळी येतात. एकूण ओळ आणि खालच्या ओळी एकत्र मिळवल्या तर प्रत्येक माणूस दोनदा मोजला जातो. मालवणी ही मराठीखाली नसून कोकणीखाली असते. आणि लमाणी बोलणारे हिंदीच्या एकूण ओळीत धरलेले असतात. जिथे लमाणांचे तांडे अधिक आहेत तिथे हिंदीचा आकडा फुगलेला दिसतो, त्याचे कारण अनेकदा हेच असते. जनगणनेत मातृभाषा म्हणजे व्यक्तीच्या बालपणी तिची आई तिच्याशी जी भाषा बोलली ती. घरात आज काय बोलतात किंवा मूल कोणत्या माध्यमात शिकते, हे हा तक्ता सांगत नाही.

२०११ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या ४७,७९,६६१ होती आणि तीत मराठी मातृभाषा असलेल्यांचे प्रमाण सुमारे १९ टक्के होते. परंतु या सरासरीवर थांबणे म्हणजे मराठीबहुल खानापूर आणि कन्नडबहुल रामदुर्ग एकाच मापाने मोजणे होय. सी-१६ तालुकावार उपलब्ध आहे आणि शहरांसाठी त्याचा वेगळा तक्ता आहे; तालुका हेच एकक धरावे. याला व्यावहारिक कारणही आहे. एखाद्या स्थानिक क्षेत्रात भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण १५ टक्क्यांवर असेल, तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही द्याव्यात, हे तत्त्व केंद्राच्या भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांच्या अहवालांत वारंवार येते. घटनेच्या कलम ३५० ब नुसार १९५७ मध्ये स्थापन झालेल्या या कार्यालयाचे अहवाल सीमाभागाच्या अभ्यासकाने आवर्जून वाचावेत. मात्र २०११ ची मातृभाषेची आकडेवारी गावनिहाय प्रसिद्ध झालेली नाही, त्यामुळे आजच्या निपाणी तालुक्याच्या ग्रामीण भागाचे भाषिक प्रमाण तिच्यातून काढता येत नाही. निपाणी शहराचे काढता येते. मर्यादा अशी स्पष्ट लिहिली, तर प्रबंध कमकुवत होत नाही.

२०२१ ची जनगणना झाली नाही. पुढील जनगणनेचा संदर्भदिनांक १ मार्च २०२७ आहे आणि तीत जातीची नोंदही होणार आहे. तोवर २०११ चे आकडे वापरताना ते जुने आहेत हे प्रत्येक तक्त्याखाली नमूद करावे.

शाळांची आकडेवारी

आपल्या उदाहरणासाठी यूडायस प्लस ही केंद्र सरकारची शाळा-माहिती यंत्रणा उपयोगी पडते. प्रत्येक शाळेला ११ अंकी क्रमांक असतो आणि शाळेच्या पत्रकावर व्यवस्थापन, अध्यापनाचे माध्यम, शिक्षकसंख्या आणि इयत्तावार पट दिलेला असतो. तालुक्यातील शाळांची यादी घ्यावी, माध्यम मराठी असलेल्या शाळा वेगळ्या काढाव्यात आणि वर्षवार पट एका कोष्टकात मांडावा. दोन सावधगिऱ्या आवश्यक आहेत. एकाच शाळेत कन्नड आणि मराठी अशी दोन माध्यमे नोंदलेली असतील, तर एकूण पटातून मराठी वर्गांचा पट निघत नाही. त्यासाठी मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन हजेरीपटच पाहावा लागतो. शिवाय २०२२-२३ पासून विद्यार्थीनिहाय नोंदणी सुरू झाल्यामुळे त्याआधीच्या वर्षांशी सरळ तुलना करता येत नाही. त्या वर्षी पटात पडलेला खड्डा प्रत्यक्ष घट असेलच असे नाही.

पटाचा आकडा एकटा काही सांगत नाही. गावात मुलेच कमी जन्मली असतील, कुटुंबे गोव्याला किंवा पुण्याला कामासाठी गेली असतील, किंवा मुले इंग्रजी अथवा कन्नड माध्यमात गेली असतील. या तिन्ही कारणांनी पट घटतो आणि तिन्हींचा सामाजिक अर्थ निराळा आहे. म्हणून जनगणना गोषवाऱ्यातील शून्य ते सहा वयाच्या मुलांची संख्या आणि त्याच गावातील व शेजारच्या गावांतील सर्व माध्यमांच्या शाळांचा एकत्रित पट हे दोन आकडे शेजारी ठेवावेत. एकत्रित पट टिकून असेल आणि केवळ मराठीचा घटला असेल, तरच माध्यमबदलाबद्दल बोलता येते.

नमुना पाहण्या

आरोग्य, विवाहाचे वय, स्त्रियांचे शिक्षण यांसाठी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी वापरावी. मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ती करते. चौथी पाहणी २०१५-१६ ची आणि पाचवी २०१९-२१ ची आहे, आणि दोन्हींची जिल्हावार पत्रके मिळतात. पाचव्या फेरीत कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्ही राज्यांचे काम पहिल्या टप्प्यात, म्हणजे २०१९ मध्येच झाले, त्यामुळे बेळगावची तुलना कोल्हापूर किंवा सांगलीशी करणे रास्त ठरते. पत्रकात एखादा आकडा कंसात असेल, तर तो २५ ते ४९ नोंदींवर आधारलेला असतो आणि आकड्याऐवजी तारांकन असेल, तर नोंदी २५ पेक्षा कमी असतात. कंस गाळून आकडा उतरवणे ही गंभीर चूक आहे.

रोजगारासाठी नियतकालिक श्रमबल पाहणी आणि घरखर्चासाठी कुटुंब उपभोग खर्च पाहणी यांचा मूळ डाटा सांख्यिकी मंत्रालयाच्या सूक्ष्म-डाटा संकेतस्थळावर नोंदणी करून विनामूल्य मिळतो. श्रमबल पाहणीत नमुना निवडताना जिल्हा हा मूळ स्तर (म्हणजे नमुन्याचा स्वतंत्र गट) धरणे जानेवारी २०२५ पासून सुरू झाले. त्याआधीच्या फेऱ्यांतून जिल्ह्याचा आकडा काढू नये. निपाणीच्या विडी कामगार स्त्रियांसारखा लहान गट अशा कोणत्याही पाहणीत पुरेसा सापडत नाही. तिथे स्वतःची पाहणी करण्याला पर्याय नाही.

राज्याची आणि जिल्ह्याची दप्तरे

कर्नाटकाचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय बेंगळुरूला आहे आणि त्याचे जिल्हा कार्यालय बेळगावात आहे. जिल्ह्याचे वार्षिक सांख्यिकी प्रकाशन तालुकावार असते आणि पाऊस, पिके, दवाखाने, सहकारी संस्था यांसाठी ते जनगणनेपेक्षा ताजे असते. प्रादेशिक विषमतेसाठी कर्नाटक सरकारच्या नंजुंडप्पा समितीचा २००२ चा अहवाल पाहावा. त्यात १७५ तालुक्यांचा ३५ निर्देशकांवर तुलनात्मक निर्देशांक काढलेला आहे.

यातील बरेच साहित्य कन्नडमध्ये असते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याने त्याला बिचकू नये, कारण तक्ता वाचायला दहा-बारा शब्द पुरतात : ओट्टु म्हणजे एकूण, गंडु म्हणजे पुरुष, हेण्णु म्हणजे स्त्री, जनसंख्ये म्हणजे लोकसंख्या, अक्षरस्थरु म्हणजे साक्षर, परिशिष्ट जाती आणि परिशिष्ट पंगड म्हणजे अनुसूचित जाती आणि जमाती. होबळी हे तालुका आणि गाव यांच्यामधले महसुली एकक आहे. जुन्या अहवालांत अंकही कन्नड असतात आणि त्यांतील सहा व नऊ घाईत एकमेकांसारखे दिसतात. एका तक्त्यात मी सहाचा नऊ वाचला आणि टक्केवारीची बेरीज शंभरावर गेली, तेव्हा चूक सापडली. तेव्हापासून उतरवलेल्या प्रत्येक स्तंभाची बेरीज छापील ओट्टुशी ताडून पाहिल्याशिवाय मी पुढे जात नाही.

प्रसिद्ध न झालेला आकडा माहिती अधिकारात मागता येतो. कन्नडमध्येही त्याला माहिती हक्कु असेच म्हणतात. २००५ च्या कायद्यानुसार अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या क्षेत्राच्या राजभाषेत करायचा असतो, म्हणून कर्नाटकातील कार्यालयाला तो कन्नड किंवा इंग्रजीत द्यावा. शुल्क दहा रुपये आहे, उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे आणि कर्नाटकाच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय दीडशे शब्दांत मांडावा लागतो. "मराठी शाळांची माहिती द्यावी" असे मोघम लिहू नये. तालुका, वर्षे आणि कोष्टकाचे स्तंभ लिहून द्यावेत. अर्ज करण्याआधी संबंधित कार्यालयात एकदा प्रत्यक्ष जावे, कारण पुष्कळदा माहिती तेथे छापील स्वरूपात असते आणि टेबलावरचा कर्मचारी ती मोकळेपणाने दाखवतो.

मागे जायचे असेल, तर मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा बेळगाव जिल्ह्यावरील १८८४ चा एकविसावा खंड आणि जुन्या जनगणनांचे खंड पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयात पाहावेत. त्यांतील पुष्कळ ग्रंथ संगणकीय रूपातही उपलब्ध आहेत.

या सर्व कामात पहिल्या दिवसापासून एक वही ठेवावी आणि तीत प्रत्येक आकड्यासमोर तक्त्याचे नाव, वर्ष, पान किंवा फाइलची ओळ, क्षेत्राचा क्रमांक, व्याख्या आणि उतरवल्याची तारीख लिहावी. संकेतस्थळांवरील फाइली बदलतात आणि हलतात, म्हणून मूळ फाइल हात न लावता एका वेगळ्या कप्प्यात जपून ठेवावी आणि सर्व आकडेमोड तिच्या प्रतीवरच करावी.