वस्ती, उंची आणि डास : गोव्यात तुलनात्मक पाहणी कशी करावी

पणजीहून वाळपईमार्गे चोर्ला घाटाकडे जाताना उंची सुमारे ८०० मीटरपर्यंत वाढते आणि त्याबरोबरच घरेही विरळ होत जातात. त्यामुळे डासांच्या जातींत आढळणारा फरक उंचीमुळे की वस्तीमुळे, हे एका रेषेतल्या नोंदींवरून ठरवता येत नाही. म्हणून पणजी, वाळपई आणि चोर्ला अशा तीन उंचींपैकी प्रत्येक उंचीवर जागांची जोडी निवडावी: एक घरांच्या दाटीतली, दुसरी तिच्यापासून निदान अर्धा किलोमीटर दूर, कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) किंवा रानाच्या कडेला. पणजीजवळ रान मिळणे कठीण; तिथे ताळगावच्या बागायतीवर भागवावे आणि ही तडजोड वहीत स्पष्ट लिहावी. अभयारण्यात शिरण्यापूर्वी वन खात्याची परवानगी घ्यावी.

दर १,००० मीटरला हवा साधारण ६.५ अंश सेल्सिअसने थंड होते आणि थंडाव्यात अळीची वाढ मंदावते, म्हणून प्रत्येक जागी कमाल-किमान तापमापक टांगावा.

खरे काम पाण्याचे आहे. गच्चीवरच्या टाक्या, विहिरी आणि बांधकामावर साठलेले पाणी यांत शहरी हिवतापाचा वाहक अ‍ॅनोफिलिस स्टीफेन्सी शोधावा. टायर, पिंपे व कुंड्यांखालच्या ताटल्यांत डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती, तुंबलेल्या गटारांत हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्स क्विन्क्विफॅसिएटस, तर भातशेतात जपानी मेंदूज्वराशी संबंधित क्युलेक्स व्हिश्नुई गट. कुळागरात करवंट्या, झाडांच्या ढोली आणि बांबूचे खुंट तपासावेत, कारण एडिस अल्बोपिक्टसला घराची गरज नसते. प्रौढ डासाच्या पाठीवर एकच पांढरी रेघ असेल तर तो अल्बोपिक्टस, वीणेसारखी आकृती असेल तर इजिप्ती. पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर पडून राहणारी अळी अ‍ॅनोफिलिसची. एडिस आणि क्युलेक्सच्या अळ्या श्वासनळी वर करून तिरप्या लोंबतात.

सर्व जागी अळ्या काढण्यासाठी पाण्यात बुडवायच्या पळ्यांची संख्या, वेळ आणि ऋतू सारखेच ठेवावेत. डासांनी अंडी घालावीत म्हणून पाणी भरून ठेवलेली काळी भांडी पाचव्या दिवशी रिकामी करून घासावीत, नाहीतर पाहणी करणाराच गावाला डास पुरवतो! सत्तरी तालुक्यातल्या रानात माकडताप पसरवणारी गोचीड असते. ती आठ पायांची असल्याने कीटकांच्या यादीत धरू नये, पण पूर्ण कपडे मात्र घालावेत.

शेवटी जातींची संख्या आणि डासांची संख्या वेगवेगळ्या रकान्यांत मांडावी. एकाच जातीच्या शेकडो अळ्यांचे गटार संख्येने श्रीमंत दिसते. वैविध्यात ते दरिद्री असते. प्रथम एकाच उंचीवरील दोन जागा ताडून पाहाव्यात, मग तिन्ही उंचींवरच्या वस्त्या एकमेकींशी.