अंगावरची गोचीड काढताना
चंदगड, आजऱ्याच्या रानातून काजू गोळा करून परतल्यावर पायाला चिकटलेली गोचीड अनेकजण नखाने ओरबाडतात किंवा तिच्यावर रॉकेल ओततात. २०१६ साली शेजारच्या दोडामार्गात साथ आलेला आणि काही रुग्णांत मेंदूपर्यंत पोहोचणारा माकडताप गोचिडीच्याच चाव्यातून होत असल्याने ही सवय सोडावी. टोकदार चिमट्याने तिला कातडीलगत, तोंडापाशी धरून न पिळता सरळ वर ओढावे आणि जागा साबणाने धुवावी. कपड्यांवर फिरणारी तिळाएवढी पिल्ले चिकटपट्टी दाबून उचलावीत व पट्टी तशीच दुमडून टाकावी. आमच्याकडे चिकटपट्टीची गुंडाळी दारामागच्या खुंटीलाच असते. गोचीड बोटांनी चिरडू मात्र नये. पुढच्या पंधरवड्यात ताप किंवा तीव्र डोकेदुखी आल्यास रानात गेल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.