किती एमएमचा, एवढंच विचारू नका

मी मिरजेत एका स्कॅन सेंटरला टेक्निशियन आहे. जत-कवठेमहांकाळपासून पार अथणीपर्यंतचे पेशंट इकडे येतात. मेंदूच्या अँजिओत, म्हणजे धमन्यांच्या तपासणीत, धमनीच्या भिंतीला आलेला फुगा (अॅन्युरिझम) दिसला की नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला: "काय ओ ताई, किती एमएमचा?" निदान करणं माझं काम नाही. पण न्यूरोसर्जनसमोर बसायच्या आधी रिपोर्टात काय शोधायचं, ते सांगते.

आधी जागा बघा. फुगे बहुतेक वेळा धमनीला फाटा फुटतो तिथेच येतात. पाटाचं पाणी दोन सऱ्यांत वळतं तिथल्या मातीच्या टोकावर सगळी धार आदळते आणि तेच आधी झिजतं, तसंच हे. त्यात मेंदूच्या धमन्यांची भिंत मुळातच पातळ, बाहेरचा लवचिक थर त्यांना नसतो. दोन फांद्यांमधला कोन रुंद असला की त्या टोकावरचा ताण वाढतो असं अभ्यासांत दिसलंय.

रिपोर्टात 'ए-वन हायपोप्लास्टिक' असं असेल तर घाबरू नका, तो आजार नव्हे. मेंदूच्या पुढच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन धमन्यांपैकी एक जन्मतःच बारीक, एवढाच अर्थ. मात्र मग दुसरीवर दोघींचा भार पडतो, आणि दोघींना जोडणाऱ्या अँटिरिअर कम्युनिकेटिंग धमनीपाशी फुगा होण्याची शक्यता वाढते. फुग्यांची ही नेहमीची जागा, आणि फुटण्याच्या दृष्टीने जरा वाईटच. याउलट 'कॅव्हर्नस' शब्द दिसला तर थोडं हायसं वाटू द्या. तो फुगा मेंदूच्या आवरणाबाहेर असतो, फुटून मेंदूभोवती रक्त पसरणं तिथे क्वचितच होतं. 'इन्फंडिब्युलम' लिहिलं असेल तर तो फुगाच नाही. शाखा निघताना बुडाशी नरसाळ्यासारखी रुंद असते, इतकंच.

आता माप. 7 एमएमच्या आतला फुगा कमी धोक्याचा, हे ढोबळमानाने खरं. पण छोटेही फुटतात, म्हणून घडण विचारायची. फुग्याची उंची भागिले मानेची (फुगा धमनीला जोडलेला असतो त्या तोंडाची) रुंदी, याला अॅस्पेक्ट रेशो म्हणतात. उंची 6 आणि मान 3 असेल तर उत्तर 2. साधारण 1.6 च्या वर गेलं की डॉक्टर जास्त बारकाईने बघतात, कारण खोल पिशवी आणि अरुंद मान असली की आत रक्त मंदावतं, घोटाळतं आणि भिंत कमकुवत होत जाते. तसंच ज्या धमनीवर फुगा आहे ती किती जाडीची, तेही विचारा. बारीक धमनीवरचा 4 एमएम आणि जाड धमनीवरचा 4 एमएम सारखा नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे 'डॉटर सॅक', 'ब्लेब' किंवा 'लोब्युलेटेड' हे शब्द. फुग्यावर आणखी एक टेंगूळ. 2012 साली आलेल्या जपानच्या मोठ्या अभ्यासात असे फुगे जास्त फुटलेले आढळले. फुटण्याचा धोका मोजायला डॉक्टर 'फेजेस' नावाचा स्कोअर काढतात. त्यात वय, बीपी, माप, जागा, पूर्वीचा रक्तस्राव, कुठल्या देशातला पेशंट, सगळं आहे. फुग्याची घडण नाही. वाढीचा अंदाज देणाऱ्या 'एलॅप्स' स्कोअरमध्ये ती आहे. म्हणून स्कोअर कमी आला तरी "आकार वेडावाकडा आहे का?" हे विचाराच.

पुन्हा स्कॅनला याल तेव्हा जुनी सीडी घेऊन या, नुसता कागद नको. शक्यतो पहिल्यासारखीच तपासणी करा. एकदा एमआर आणि एकदा सीटी केलं तर अर्ध्या एमएमचा फरक वाढ आहे की पद्धतीचा, कळत नाही. बीपीची गोळी चुकवायची नाही. विडी-सिगारेट बंद. "कमी केलीय ओ" हे मला सांगून उपयोग नाही.

आणि अचानक, क्षणात टोकाला गेलेली, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी, किंवा एका डोळ्याची पापणी पडून बाहुली मोठी झाली, तर सकाळची ओपीडी धरून बसू नका. 108 लावा. रक्तस्राव झाला असेल तर पहिल्या सहा तासांतल्या सीटीत तो जवळपास हमखास दिसतो, पुढे पुसट होत जातो. जतहून मिरजेला यायलाच दीड-दोन तास मोडतात, ते त्यातच धरा.