व्हील बेअरिंग घरी बसवताना या चुका टाळा

मोटरसायकलच्या चाकातलं जुनं बेअरिंग निघालं, नवं हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) तोंडावर ठेवलं आणि ते आत जाईना, की हात थेट मोठ्या हातोड्याकडे जातो. पण हा बेअरिंगचा दोष नव्हे. बाहेरची रिंग हबमध्ये फिरू नये म्हणून भोक मुद्दाम किंचित लहान ठेवलेलं असतं. ते पॉलिश पेपरने घासून सैल करू नका. एकदा रिंग आत फिरायला लागली की हबच बाद होतो.

ताकदीपेक्षा तापमान वापरा. बेअरिंग प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. पिशवी अगदी बसवताना उघडा, नाहीतर त्यावर दव धरतं आणि गंज लागतो. अॅल्युमिनियमचा हब मात्र गरम हवा. सोलापुरात मे महिन्यात पारा 42 च्या पुढे जातो, तेव्हा चाक तासभर उन्हात ठेवलं तरी निम्मं काम होतं. मग हबभोवती फडकं गुंडाळून त्यावर उकळतं पाणी ओता आणि आतलं पाणी झटकन कोरडं पुसा. हब 50 अंशांनी तापला, तर 42 मिमीचं भोक सुमारे 0.05 मिमीने मोठं होतं. एवढं पुष्कळ झालं. गॅसची ज्योत लावू नका. रंग जळतो आणि ट्यूबही जाते.

ठोकायचं ते फक्त बाहेरच्या रिंगवर. 6302 नंबरचं बेअरिंग आत 15, बाहेर 42 आणि जाडीला 13 मिमी असतं. त्यासाठी 40-41 मिमी बाहेरच्या व्यासाची गोटी (सॉकेट) किंवा कडेने थोडं घासलेलं जुनं बेअरिंग वापरा. आतल्या रिंगवर घाव बसला की तो गोळ्यांमधून जातो आणि त्यांच्या वाटेत बारीक खड्डे पडतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण थोड्याच दिवसांत चाक घरघरायला लागतं. बेअरिंग तिरकं चाललं तर लगेच थांबा आणि उंच राहिलेल्या कडेवर हलके टोले द्या. तळाला टेकलं की टोल्याचा आवाज बदलतो, बोदा होता तो टणक येतो.

सर्वात महाग पडणारी चूक स्पेसरची. दोन्ही बेअरिंगच्या मधली ही नळी बरेच जण विसरतात. पहिलं बेअरिंग पूर्ण तळाला बसवा, मग स्पेसर घाला. दुसरं बेअरिंग आतल्या रिंगला स्पेसर जेमतेम टेकेपर्यंतच ठोका. स्क्रूड्रायव्हरने ढकलल्यावर स्पेसर थोडा अडत सरकला पाहिजे. खडखडला तर बेअरिंग अजून आत जायचं आहे.

बेअरिंगच्या एकाच बाजूला सील (धूळ अडवणारं झाकण) असेल तर ती बाजू बाहेर ठेवा. आपल्या काळ्या मातीचा चिखल फार चिवट असतो, म्हणून ऑइल सीलही नवंच घाला आणि त्याच्या ओठावर ग्रीस लावा. ड्रम ब्रेक असेल तर ग्रीसचं बोट ब्रेकच्या लायनरला लागू देऊ नका.

एक्सल (चाकाचा दांडा) कसून चाक फिरवा. एक्सल घालण्याआधीच बेअरिंग जड फिरत असेल, तर दुसरं बेअरिंग जास्त आत गेलं आहे. आधी मोकळं फिरून नट कसताच चाक अडलं, तर स्पेसर राहिला आहे किंवा कुठलं तरी बेअरिंग पूर्ण बसलेलं नाही. अशा वेळी नट सैल ठेवून गाडी चालवू नका, चाक पुन्हा खोला. खोलताना आतल्या रिंगवर ठोकून काढलेलं बेअरिंग परत बसवू नका, नवं घ्या.