शिट्झू पाळायचाय? आधी कंगवा हातात घ्या

आमच्या घरात कुत्रं आलं ते सुनेबरोबर. लग्न ठरताना मुलीकडच्यांनी मानपानाचं काही काढलं नाही. मुलगी तेवढी म्हणाली, "बाबा, माझ्याबरोबर ऑस्कर येणार." मला वाटलं स्कूटरबिटरचं नाव असेल. आलं ते शिट्झू जातीचं, पाच किलोचं केसांचं गाठोडं. डोक्यावर मधोमध रबर लावून शेंडी बांधलेली, नुकती मुंज झालेल्या पोरासारखी. मी त्याच दिवशी त्याला बटू म्हणायला लागलो. आता ऑस्कर म्हटलं की तो वळूनही बघत नाही. सूनबाईचा माझ्यावर तेवढाच एक राग आहे.

कसबा पेठेत माझं सलून. चाळीस वर्षं माणसांची डोकी हाताळली, आता मुलगा बसतो गल्ल्यावर. सोमवारी दुकान बंद, म्हणून सोमवार बटूचा. सकाळी त्याला घेऊन निघालो की चार जण थांबवतात. पहिला प्रश्न, "काका, केवढ्याला पडला?" अहो, किंमत कसली विचारता, केस किती वेळ खातात ते विचारा. रोज दहा मिनिटं आणि आठवड्याला दीड तास कंगव्याला देणं जमणार नसेल, तर हे कुत्रं घेऊ नका. बाकी सगळं जमवता येतं.

केसांचं एवढं खूळ आलं कुठून, तेही ऐका. शिट्झू म्हणजे मूळ शी-त्झू, चिनी भाषेत सिंह. चीनच्या रानात सिंह नव्हता. तिकडे पोचला तो बौद्ध धर्माबरोबर, चित्रांतून आणि मूर्तींतून, म्हणजे एका अर्थी आपल्याकडूनच. बोधिसत्त्व मंजुश्रीचं वाहन सिंह. कथा अशी की मंजुश्रीबरोबर एक लहान कुत्रं हिंडायचं आणि वेळ आली की सिंह होऊन त्याला पाठीवर घ्यायचं. आपल्या गडांच्या दरवाजांवर शरभ कोरलेले असतात ना, सिंहासारखे पण कुठल्याच रानात न सापडणारे, तसाच तिकडचा सिंह कल्पनेतला. कारागिरांनी तो दगडात कोरला, राजवाड्यातल्या खोजांनी जिवंत कुत्र्यात घडवला. तिबेटातून भेट म्हणून येणारी केसाळ कुत्री आणि राजवाड्यातली चपट्या नाकाची पेकिनीज यांच्या संकरातून ही जात उतरली असं मानतात. पिढ्यान्‌पिढ्या निवड व्हायची ती आयाळीवर, रंगावर आणि मांडीवर बसण्याच्या गुणावर.

चीनची राणी त्सु-शी हिला या कुत्र्यांचं भारी वेड. ती १९०८ साली गेली, १९१२ मध्ये राजेशाहीच संपली आणि कुत्र्यांची पांगापांग झाली. १९३० मध्ये ब्राउनरिग नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं आणि त्याच्या बायकोनं काही कुत्री चीनमधून इंग्लंडला नेली. आज जगात आहेत ते सगळे शिट्झू अवघ्या १४ कुत्र्यांचे वंशज, सात नर आणि सात माद्या. त्यात १९५२ मध्ये इंग्लंडात एकदा पेकिनीजचं रक्त मिसळलं. जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकेच्या केनेल क्लबनं १९६९ मध्ये जात मान्य केली. आणि गंमत बघा, २००४ मध्ये ८५ जातींच्या कुत्र्यांचे डीएनए तपासले, तेव्हा लांडग्याच्या सगळ्यात जवळ निघालेल्या मोजक्या जातींत हा शेंडीवाला होता. सूनबाईनं हे मला वाचून दाखवलं, तेव्हा बटू सोफ्यावर उताणा घोरत होता.

पिल्लू बघायला गेलात तर विकणाऱ्याचं ऐकू नका, हात लावून बघा. पुण्यात ल्हासा अप्सो ही दुसरी केसाळ जात आणि दोघांची मिसळ शिट्झू म्हणून सर्रास खपवतात. शिट्झूचं डोकं रुंद आणि गोल, डोळे मोठे आणि एकमेकांपासून लांब, नाक आखूड. अप्सोचं डोकं अरुंद, नाक लांबट. शिट्झूच्या नाकावरचे केस वरच्या बाजूला आणि चहूकडे उगवतात, म्हणून तोंड शेवंतीच्या फुलासारखं दिसतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मंडईत शेवंतीचे ढीग लागतात, त्यातलं टपोरं फूल आठवा. खालचा जबडा जरासा पुढे असतो, ते व्यंग नाही. शेपूट पाठीवर वळलेलं. उंची फार तर २७ सेंटिमीटर, वजन साडेचार ते साडेसात किलो. 'टीकप', 'इम्पीरियल' वगैरे वेगळी जात नाही. छोटं पिल्लू जास्त पैशात विकायची ती युक्ती. नाकपुड्या मात्र नीट बघा. श्वास घेताना त्या आत ओढल्या जात असतील तर पिल्लू कितीही गोड असो, परत फिरा. आईला बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

स्वभावाचं थोडक्यात सांगतो. राखणीला हा शून्य. दूधवाला, गॅसवाला, वीज मीटर बघायला येणारा, बटू सगळ्यांच्या पायाशी लोळण घेतो. चोर आला तर त्याला बॅटरीसुद्धा आणून देईल. लहान मुलांशी गुण्यागोविंदानं राहतो, पण डोळे मोठे आणि बाहेर आलेले, म्हणून मुलांची बोटं सांभाळा. एकट्याला करमत नाही. दोघं सकाळी आठला हिंजवडीला जाऊन रात्री आठला परतणार असाल, तर बारा तास बंद घरात याला कोंडू नका. आणि हट्टी. शी-शूची जागा शिकायला बटूला सात महिने लागले, असं सूनबाई सांगते. ओरडून काही होत नाही. झोपून उठला की न्यायचं, खाल्लं की न्यायचं, जागेवर केली की लगेच खाऊ द्यायचा. राजवाड्यात वाढलेल्या घराण्यातला तो, मिनतवारी करून घेणारच.

आता केस.

माझी फजिती आधी सांगतो, म्हणजे तुमची होणार नाही. सूनबाई आठवडाभर माहेरी गेली होती. म्हटलं, आयुष्य केसांत काढलं, एवढंसं कुत्रं काय अवघड आहे. सोमवारी बटूला न विंचरता सरळ मोरीत घेतला, बादलीभर कोमट पाणी, चोळून चोळून अंघोळ, पंच्यानं पुसला. वाळला तेव्हा कानांमागे, काखेत, मांड्यांच्या आत केसांचा नमदा झालेला. कंगवा शिरेना. बटू कळवळला, मीही घामाघूम झालो. शेवटी मशीन फिरवावं लागलं. सूनबाई आली, सोललेल्या मेंढीसारखा तो बटू बघितला आणि दोन दिवस माझ्याशी फक्त "जेवायला वाढलंय" एवढंच बोलली.

चूक अशी झाली की याच्या अंगावर दुहेरी केस असतात, वर लांब आणि खाली मऊ लव. गळलेली लव जमिनीवर पडत नाही, वरच्या केसांत अडकून राहते. घरात केस सांडत नाहीत म्हणून लोक खूश होतात, पण ते सगळे अंगावरच साठतात. त्यावर पाणी पडलं आणि चोळलं की गुंता आवळतो आणि जट होते. म्हणून आधी कंगवा, मग पाणी. दहा महिन्यांच्या आसपास पिल्लाचे केस जाऊन मोठ्याचे येतात, तेव्हा तर गुंता संध्याकाळी काढला तरी सकाळी पुन्हा हजर. दोन-तीन महिन्यांत ते थांबतं, धीर धरा.

हत्यारं तीनच. बारीक तारांचा ब्रश, त्याला दुकानात स्लिकर म्हणतात. एका बाजूला विरळ आणि दुसऱ्या बाजूला दाट दात असलेला स्टीलचा कंगवा. आणि पाण्याची फवारणीची बाटली, सलूनमध्ये असते तीच, पाण्यात कुत्र्याच्या कंडिशनरचे चार थेंब टाकून. कोरड्या केसांवर ब्रश ओढला की केस तुटतात, आधी फवारा.

कुत्र्याला मांडीवर कुशीवर निजवा. सुरुवात पोटाकडून. डाव्या हातानं वरचे सगळे केस पाठीकडे उचलून धरा, खालून बोटभर रुंदीची एकच ओळ सुटी सोडा. त्या ओळीत कातडी दिसली पाहिजे, आपण भांग पाडतो तशी. टोकापासून विंचरत मुळाकडे जा, मुळापासून टोकाकडे नव्हे. मग डाव्या हातातून पुढची ओळ सोडा. असं करत पाठीच्या कण्यापर्यंत यायचं, मग दुसरी कूस. पाठीवरून नुसता वरवर ब्रश फिरवला की कुत्रं चकचकीत दिसतं आणि आत जट तशीच राहते. ग्रूमिंगवाल्यांकडे येणारी निम्मी कुत्री अशीच असतात, असं एकानं मला सांगितलं आणि मला ते पटलं. शेवटी कंगवा. तो मुळापासून टोकापर्यंत न अडखळता गेला की काम झालं.

गाठ सापडली तर ती मुळाशी दोन बोटांत धरा, म्हणजे कातडी ओढली जात नाही. थोडी कॉर्नफ्लोअरची पूड चोळा, बोटांनी फाडून तिचे दोन भाग करा, मग चार, मग कंगव्याचं टोक. कात्री लावायचीच तर आधी गाठ आणि कातडी यांच्यामध्ये कंगवा सरकवा आणि कंगव्याच्या वर कापा. कुत्र्याची कातडी गाठीबरोबर उचलली जाते आणि चिमूटभर सहज कापली जाते. माणसाच्या डोक्यातली जट देवीची म्हणून जपणारी माणसं मी पाहिलीत, समजावून थकलोय. कुत्र्याच्या जटेत तर कुठली देवी नाही, कापून टाका.

अंघोळ दोन-तीन आठवड्यांनी. शाम्पू कुत्र्याचाच; आपला त्याच्या कातडीला तीव्र पडतो. चोळायचं नाही, केसांच्या दिशेनं वरून खाली हात फिरवायचा. पंचा दाबून पाणी टिपायचं, मग ब्लोअर गारेवर ठेवून विंचरत वाळवायचं. आतली लव ओली राहिली तर पावसाळ्यात दोन दिवसांत वास सुटतो आणि मग खाज.

बाकीचं रोजचं. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून डोळ्यांचे कोपरे पुसायचे, प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस. डोळा अर्धवट मिटतोय, लाल झालाय किंवा पांढरट दिसतोय, तर त्याच दिवशी डॉक्टर. या जातीत बुबुळावर जखम फार लवकर होते. पंजाच्या गाद्यांमधले केस कापत राहा, नाहीतर गुळगुळीत फरशीवर पाय फाकतात. गळ्यात पट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस घाला. पट्ट्यानं श्वास दाबला जातो आणि मानेवर गुंताही तिथेच होतो.

उन्हाळ्यात लोक म्हणतात, झिरो मारून टाका. मी मारत नाही. उघडी कातडी भाजते. इंचभर ठेवायचे, त्याला पपी कट म्हणतात, आणि खरं सांगतो, घरात पाळायला बारा महिने तोच बरा. जमिनीवर लोळणारे केस प्रदर्शनातल्या कुत्र्यांना. मशीन चालवताना दर दोन मिनिटांनी पातं स्वतःच्या मनगटाला लावून बघा, तापलं की थांबा.

नाक आखूड, म्हणून याला ऊन सोसत नाही. एप्रिल-मे महिन्यात पुण्यात पारा चाळिशीला टेकतो. फिरणं सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी डांबर निवल्यावर. हाताचा पंजा रस्त्यावर टेकवून सात आकडे मोजा, चटका बसला तर घरी चला. धाप थांबेना, जीभ निळसर दिसली, तर अंगावर साधं पाणी ओतत, वारा घालत डॉक्टर गाठा. पावसाळ्यात रोज कानामागे आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड बघा. लेप्टोची आणि रेबीजची लस चुकवू नका, महापालिकेचा परवाना काढा. गणपतीत आमच्याकडे ढोल घुमतात, तेव्हा बटू आतल्या खोलीत पंखा आणि रेडिओ लावून. सत्यनारायणाचा शिरा मात्र त्याला देऊ नका, कितीही तोंडाकडे बघू द्या. त्यातले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला विष आहेत. कांदा, लसूण आणि चॉकलेटही कुत्र्याला विषच.

राहिली शेंडी. रबर तुळशीबागेत मिळतात, लहान मुलींच्या वेण्यांचे, बारीक. दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून वर तिरका भांग काढा, मधला त्रिकोण उचला, सैल बांधा. घट्ट बांधली तर डोळे ताणले जातात, बटू लगेच पंजानं ओरबाडतो. झोपताना सोडायची. रबर ओढून काढू नका, कात्रीच्या टोकानं तोडा. काल रात्री मी तोडत होतो, तेव्हा सूनबाई दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, सकाळी मी बांधते, तुमची जरा डावीकडे कलते." चाळीस वर्षं सलून चालवल्यावर हे ऐकायचं. पण बघितलं, तर कलली होती.