कोलेस्ट्रॉल वाढलंय? आधी तेलाच्या डब्यावर तारीख टाका

रिपोर्टमध्ये एलडीएल (म्हणजे वाईट कोलेस्ट्रॉल) १६० दिसलं की आपल्याकडे घरातले सगळे डॉक्टर होतात, कोणी कच्चा लसूण सांगतं, कोणी मेथीदाणे, कोणी रील दाखवून म्हणतं तूप कितीही खा काही होत नाही. ते सगळं राहू द्या, पहिले आकडे बघा. एलडीएल साधारण १०० च्या आत बरं, ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) १५० च्या आत आणि एचडीएल (चांगलं कोलेस्ट्रॉल) पुरुषांचं ४० च्या वर, बायांचं ५० च्या वर पाहिजे. एलडीएल १९० च्या पुढे असेल किंवा आधी अटॅक येऊन गेला असेल, शुगर असेल तर नुसत्या पथ्यावर राहू नका भो, तिथं गोळी लागतेच बहुतेक. थायरॉइड पण तपासून घ्या, ते सुस्त असलं तरी एलडीएल चढतं आणि माणूस उगाच बिनतेलाचं खात बसतो.

आता खरा मुद्दा, तेल. माणशी महिन्याला अर्धा लिटर, एवढंच धरा. म्हणजे चौघांच्या घरात पाच लिटरचा डबा अडीच महिने पुरला पाहिजे, डबा फोडला त्या दिवशीची तारीख त्यावर पेननं लिहा, खान्देशातल्या बऱ्याच घरांत तो महिनाभरात तळाला जातो आणि कोणाला पत्ता पण नसतो. खिचडीवर धार, चटणीत तेल, रश्श्यावर बोटभर तर्री. शेंगदाणा तेल वाईट नाही, पण वाटीनं नको. डब्यावरच्या 'कोलेस्ट्रॉल फ्री'ला भुलू नका, कुठल्याच वनस्पती तेलात कोलेस्ट्रॉल नसतंच, ते फक्त प्राण्यांपासून आलेल्या पदार्थांत असतं. पाम तेलात मात्र निम्म्याच्या आसपास सॅच्युरेटेड फॅट (तूप-डालड्यासारखी गोठणारी चरबी) असतं आणि एलडीएल वाढवतं ते हेच, खारी, टोस्ट, नमकीन, बाहेरची शेव बऱ्याचदा त्यातच बनते. तुपात तर हे फॅट त्याहून जास्त, म्हणून वरणावर एक चमचा ठीक, बट्टी तुपात बुडवणं सणावारापुरतं.

शेवभाजी बंद करा असं मी सांगणार नाही, सांगितलं तरी कोण ऐकतंय. रस्सा जरा थंड होऊ द्या, वरचं तेल पळीनं काढून घ्या, शेव पंगतीसारखी ओतू नका, मूठभरच आणि तेही पंधरा दिवसांतून एकदा. काळ्या मसाल्याच्या मटणाचं पण तसंच, चरबी काढायची आणि दोन फोडींवर थांबायचं.

उलट आपल्याकडचंच काही खाणं फार कामाचं आहे. कळण्याची भाकरी घ्या, ज्वारी आणि सालासकट उडीद. उडीद, चवळी, मटकी, गवार, भेंडी, वांगं यात विरघळणारं फायबर असतं, ते आतड्यात पित्ताला धरून बाहेर नेतं, मग नवीन पित्त बनवायला लिव्हर रक्तातलं कोलेस्ट्रॉल ओढून घेतं. रोज असं ५ ते १० ग्रॅम फायबर पोटात गेलं तर एलडीएल साधारण ५ टक्के उतरू शकतं. भरीत तर कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजलेलं वांगं, त्याला तेल लागतंच कुठे, लागतं ते आपण वरून ओततो म्हणून. भरीत पार्टीत कळण्याच्या पुरीऐवजी भाकरी मागा, पीठ तेच, तळण वाचलं. केळी खुशाल खा (शुगर असेल तर बेतानं), केळ्याचे वेफर्स नको, रावेर-यावलची असली तरी.

चालणं आठवड्याला १५० मिनिटं, म्हणजे रोज अर्धा तास, पाच दिवस. मे महिन्यात भुसावळला दुपारी चालायची हौस करू नका, सकाळी सातच्या आत उरका. चालण्यानं एलडीएल थोडंच हलतं खरं, पण ट्रायग्लिसराइड चांगलं उतरतं, पोट पण. ट्रायग्लिसराइडच जास्त असेल तर दारू आणि साखर आधी बघा, दिवसभराचे गोड चहा मोजले तर साखर किती जाते ते कळेल. विडी, तंबाखू सोडायचीच, एचडीएल खाली ओढते.

तीन महिन्यांनी परत लिपिड प्रोफाइल (या सगळ्या आकड्यांची रक्ततपासणी) करा, शक्यतो त्याच लॅबमध्ये, उपाशी करायला सांगितलं असेल तर १० ते १२ तास पाण्याशिवाय काही नको आणि लग्नाच्या पंगतीच्या दुसऱ्या दिवशी तर जाऊच नका. गोळी चालू असताना आकडे नॉर्मल आले तर ते गोळीमुळे पण आलेले असतात, त्यामुळे मनानं बंद करू नका, रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा आणि डोस कमी होतो का ते विचारा.